आजचे चिंतन : युक्त आहार आणि वाढणारा हात



नवरात्र झालं, दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली आहे. नित्यपाठात सध्या गीतेचा सहावा अध्याय चालू आहे आणि आज नेमके सोळावा आणि सतरावा हे दोन श्लोक आले. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. ज्याचं खाणं, फिरणं, झोपणं, जागणं मापात आहे त्याचंच दुःख योगाने सरतं, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. सणासुदीत मी या श्लोकांवर नेहमी लिहिते आणि प्रत्येक वेळी उपदेश जेवणाऱ्यालाच करते. यंदा तसं लिहवत नाही. आमच्या घरच्या महालक्ष्म्यांना चूक जेवणाऱ्याची नव्हती. वाढणारीची होती, आणि वाढत मी होते.

वऱ्हाडात महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. सोळा भाज्यांची एकत्र भाजी, ज्वारीची आंबील, कढी, वडे, वरून फुलोरा, आणि पुरणाच्या पोळीवर तूप धार धरून. आरतीला उशीर झाला, पंगत बसेपर्यंत चार वाजले. माझे मामा आले होते. सत्तरी ओलांडलेली, बारा वर्षांपासून शुगर. दोन पोळ्या झाल्या आणि त्यांनी पानावर हात आडवा धरला. "बस वं बाई, आता नोको."

मी म्हटलं, "देवीचा प्रसाद हाये मामा. प्रसादाले कोनी नाही म्हनते काय?"

त्यांनी हात काढून घेतला. मी पोळी वाढली, वर तूप सोडलं. मग अजून अर्धी. पंगतीतल्या बायका हसल्या, मलाही बरं वाटलं. रात्री दीड वाजता त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी घरी आले, आता ठीक आहेत. मला एका शब्दानं बोलले नाहीत. "प्रसादाले नाही कसं म्हनावं वं?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. मामांनी माप ओळखलं होतं. दोन पोळ्यांवर थांबले होते, म्हणजे सतरावा श्लोक त्यांनी पाळला होता. तो मी मोडायला लावला, आणि त्यासाठी देवीचं नाव वापरलं. देवीने काही तिसरी पोळी मागितली नव्हती. नैवेद्य तर केव्हाच दाखवून झाला होता. ती पोळी माझ्या नावाची होती: अमकीच्या घरी हात आखडत नाहीत, असं चार बायकांनी म्हणावं म्हणून.

खरी लाज पुढेच आहे. मी 'श्रीगजाननविजय' ग्रंथाची किती पारायणं केली असतील! त्यात इच्छारामाकडची गोष्ट आहे. प्रदोषाचा दिवस, मोठ्या भक्तीने ताट वाढलेलं, आणि महाराजांना आग्रहावर आग्रह. महाराज सगळं जेवले आणि नंतर सगळं ओकून टाकलं. आग्रहाचं फळ त्यांनी असं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ठेवलं. हा प्रसंग मी हात जोडून वाचत आले, पण महाराज तिथे कोणाला शिकवत होते, याचा विचार केला नाही. धडा वाढणाऱ्याला होता. आणि हेच महाराज 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात पहिल्यांदा दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. पंगतीत जास्तीचं वाढलं ते असं पत्रावळीवर उरतं, नाहीतर माणसाच्या पोटात जाऊन त्याला आजारी पाडतं.

आग्रह मुळात वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या सासूबाईंच्या काळी वर्षभर ज्वारीची भाकर आणि वरण. पुरण वर्षातून दोन-तीनदा. शेतावरचा गडी, नवी सून, लाजरी पोर, ही माणसं विचारल्याशिवाय मागायची नाहीत आणि अर्धपोटी उठायची. त्यांच्यासाठी आग्रह म्हणजे माया होती. आज श्रावणापासून दिवाळीपर्यंत घरात गोडाचा डबा रिकामा होत नाही. काळ बदलला, आमचा हात तसाच राहिला.

मोठी पंगत आली की मान-अपमान आलाच. ज्यांचं बालपण आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गेलं, त्या गाडगेबाबांनी हे ओळखलं होतं. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, हे ते कीर्तनातून सांगत फिरले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी मटण-दारूचा रिवाज मोडून गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद काय म्हणतील, याला ते भ्याले नाहीत. मी चार बायकांना भ्याले.

कोणाला वाटेल, मग सणाला गोड करायचंच नाही का? तसं शास्त्रही म्हणत नाही. 'हठयोगप्रदीपिके'त मिताहार सांगितला आहे तो बेचव खाण्याचा नाही. अन्न स्निग्ध असावं, मधुर असावं, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा, आणि ते शिवाच्या प्रीतीसाठी खावं, असं तिथे आहे. म्हणजे देवासाठी खायचं तर थोडी जागा सोडून खायचं. मी मामांची ती सोडलेली जागाच देवीच्या नावानं भरून टाकली. (नवरात्रातल्या उपासाबद्दल वेगळं काय लिहू? साबुदाण्याची उसळ, बटाट्याचा चिवडा, वर शेंगदाण्याचा लाडू. सोळाव्या श्लोकातला न खाणारा आमच्या घरी शोधून सापडणार नाही.)

या दिवाळीला एकदाच विचारायचं असं ठरवलं आहे. कोणी पानावर हात ठेवला की भांडं पुढे न्यायचं. जाऊबाई म्हणाल्या, "लोक कंजूष म्हनतीन हं." मनात चर्र झालं, खोटं कशाला सांगू.

काल मामांचा फोन आला होता. भाऊबीजेला आईकडून ओवाळून घ्यायला येणार आहेत.

"करंज्या करशीन नं?"

"करीन. तुमच्या पानात एक ठेवीन."

"एक कशी वं? दोन तं ठेव," म्हणाले.

मला पटकन काही बोलताच आलं नाही.