शेजारचा श्वास

मालेगावात रात्रही पूर्ण शांत नसते. यंत्रमागांची खडखड भिंतीतून येतच राहते. ती असू द्या. तिच्याआडून शेजारी झोपलेल्या माणसाचं घोरणं ऐका.

ते चढत जातं आणि मध्येच तुटतं. घाई नको. मनात सावकाश एक ते दहा मोजा. छाती हलतेय, धडपड चालू आहे. पण जीभ आणि घशाचा मऊ भाग सैल पडून वाट बंद झालीय, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, मोठा आचका बसतो, आणि पुन्हा घोरणं. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. हा स्लीप अ‍ॅप्निया. असं तासाला पाचदा झालं तर आजार धरतात, तीसदा झालं तर गंभीर. तीसपाशी जरा थांबा: दर दोन मिनिटांना एकदा, रात्रभर.

आणि आपण घोरण्याला गाढ झोपेची खूण मानत आलो! मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ साली छापलेल्या त्या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडखळत होता.

आता रात्रपाळी करून आलेला कामगार डोळ्यांपुढे आणा. तो दिवसा झोपतो, तेव्हा घर कामात असतं. त्याचा श्वास कोण ऐकणार? इथे उशाशी ठेवलेला फोन कामाचा. २०१५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या फोनमधून कानाला न जाणवणारा ध्वनी सोडला आणि छातीवरून परतणाऱ्या लहरींतून श्वासाचे खंड मोजले. तसं अ‍ॅप नसलं तरी नुसतं रेकॉर्डिंगही बोलकं असतं, यंत्रमागांच्या आवाजात ते बुडालं नाही तर.

मात्र फोनने 'ठीक' म्हटलं म्हणून निश्चिंत होऊ नका. दिवसा डुलकी लागत असेल, सकाळी डोकं जड होत असेल, रक्तदाब गोळ्यांनीही उतरत नसेल, तर छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्यायलाच हवी. चालत्या मागाजवळ लागलेली डुलकी हात घेऊ शकते.

जाताना रेकॉर्डिंग न्या. आणि तो तुटलेला श्वास ज्यांनी ऐकला, त्यांनीही सोबत जावं. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यांच्यासाठीच असतात.