शेवटचे वीस टक्के

वाई

चि. सोन्यास,


तू फोनवर पाठवलेली यादी मी वहीत उतरवून घेतली, कारण स्वतःच्या हातानं लिहिल्याशिवाय मला कुठल्याही गोष्टीचा नीट विचार करता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. फास्ट चार्जर, पॉवर बँक, फोनच्या पाठीला चिकटवायचा पंखा, खेळताना अंगठ्यात घालायच्या टोप्या, गेमपॅड, इअरबड्स आणि काचेचा स्क्रीन गार्ड. शिष्यवृत्तीतून उरवलेल्या पैशांत स्वतःसाठी काही घ्यावं असं तुला वाटलं आणि घेण्याआधी तू आजीला विचारलंस, यानं माझा सगळा दिवस छान गेला. (तुझे आजोबा शेजारी शेंगा सोलत बसलेत आणि यादी पुन्हा मोठ्यानं वाच म्हणतायत. दोनदा वाचून झाली आहे.)

तू उधळ्या नाहीस. लहानपणी जत्रेत दहा रुपये दिले तर त्यातले चार परत आणून देणारा मुलगा तू. तुला काटकसर मी काय शिकवणार? माझी काळजी एवढीच की या यादीतल्या निम्म्या वस्तू घाई विकणाऱ्या आहेत. आणि गंमत अशी की ज्या बॅटरीवर हा सगळा डोलारा उभा आहे, तिला घाई मुळीच मानवत नाही.

शाळेत शिकवत असते तर फळ्यावर आकृती काढली असती. फोन चार्जिंगला लावला की लिथियमचे आयन बॅटरीच्या एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघतात आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे असतात त्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसतात. स्वारगेटला साताऱ्याची रिकामी एसटी लागली की पहिले लोक पटापट जागा धरतात, शेवटच्यांना मात्र पिशव्या ओलांडत, वाट काढत आत जावं लागतं, आणि त्या वेळी मागून रेटा आला तर दारातच कोंडी होते. बॅटरीत अगदी हेच होतं. म्हणून चार्जर आधी जोरात करंट देतो, आणि सेलचं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला, म्हणजे साधारण ४.२ ते ४.४ व्होल्टच्या दरम्यान, पोचलं की करंट हळूहळू कमी करत नेतो. जाहिरातीत अमुक मिनिटांत ५० टक्के असं लिहितात ते खोटं नसतं. पहिले पन्नास खरंच लवकर भरतात. शेवटचे वीस आपला वेळ घेतात आणि त्यांनी तो घ्यायलाच हवा. फोन थंडगार असताना जबरदस्तीनं भरला, तर आयन पापुद्र्यांत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात, आणि असे साचलेले बरेचसे आयन पुन्हा कामाला येत नाहीत.

थंडीहून आपल्याकडे उन्हाचा त्रास मोठा. उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि चार्जिंगला लावून खेळत बसलं की एकीकडून प्रोसेसर तापतो, दुसरीकडून बॅटरी, आणि वर ते जाड कव्हर. त्या पंख्याचे पैसे देण्याआधी बाळा, एवढं करून बघ: चार्ज होताना खेळू नकोस, कव्हर काढून फोन टेबलावर ठेव, गादीवर किंवा उशीखाली नको, खिडकीतल्या उन्हात तर नकोच. इतकं केलंस तर पंखा लागणार नाही. रोज शंभरपर्यंत भरण्याचा आणि शून्यापर्यंत उतरवण्याचाही हट्ट नको. वीस आणि ऐंशीच्या मधे फिरत राहिली की बॅटरी जास्त वर्षं साथ देते. आणि समजा तीनेक वर्षांनी ती थकलीच, तर फोन बदलण्याआधी बॅटरी बदलून मिळते का ते विचार. नव्या फोनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते, आणि एक चांगला फोन भंगारात जायचा वाचतो.

आता तुला आवडेल अशी गोष्ट सांगते. हल्ली बऱ्याच फोनांत अशी सोय असते की रात्री चार्जिंगला लावला तर तो ऐंशीच्या आसपास थांबतो आणि उरलेलं तुझ्या उठायच्या वेळेच्या थोडं आधी पूर्ण करतो. त्यासाठी तो तुझी सवय शिकतो किंवा गजराची वेळ बघतो. म्हणजे रोज ठरल्या वेळी उठणाऱ्याचीच त्याला सेवा करता येते. आज सहाला, उद्या साडेनऊला असं चाललं तर तो बिचारा काय शिकणार? तू पहाटे उठून अभ्यास करायचास, तुझ्या आईला चहा करून द्यायचास, ते दिवस मी विसरलेले नाही. वसतिगृहात सगळे उशिरा झोपतात हे मला कळतं. पण फोन उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेव. गजर बंद करायला उठावं लागेल आणि एकदा पाय जमिनीला लागले की अर्धं काम झालं. उठल्यावर पहिला अर्धा तास फोन तिथेच राहू दे. तोंड धू, पाणी पी, जमलं तर गच्चीवर एक चक्कर मार.

पॉवर बँक मात्र घे. परीक्षेला बाहेरगावी जाशील, गाडीला उशीर होईल, तेव्हा ती हाताशी असावी. फक्त डब्यावरच्या आकड्याचा हिशेब समजून घे, म्हणजे पुढे फसल्यासारखं वाटणार नाही. १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून; बाहेर वीज ५ व्होल्टला निघते, म्हणजे कागदावरच ७,४०० होतात, आणि रूपांतरात थोडी उष्णता जाते ती वजा केली की तुझ्या हाती सहा-साडेसहा हजार येतात. यात दुकानदाराची लबाडी नाही, भौतिकशास्त्र आहे. भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि त्याखालचा नोंदणी क्रमांक असलेलीच घे, मग दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील. रस्त्यावर ढिगातून उचललेली नको, आग लागण्याचा धोका असतो. आणि पुढेमागे विमानात बसलास (बसशीलच!) तर ती हातातल्या सामानात ठेवायची, खाली टाकायच्या बॅगेत नाही, हे लक्षात असू दे.

स्क्रीन गार्ड आणि साधं कव्हर घ्यायला हरकत नाही. इअरबड्सऐवजी वायरचे इअरफोन घे असं मी सुचवीन. बड्सच्या पोटात इवल्याशा बॅटऱ्या असतात, त्या दमल्या की सहसा बदलता येत नाहीत आणि सगळंच फेकावं लागतं. त्यांची वायर मधे धरून ओढू नकोस, टोकाला धरून काढ. आवाजही बेतानं ठेव रे. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात.

ही बॅटरी ज्यांच्यामुळे तुझ्या खिशात आली त्यांच्यातल्या एका माणसाविषयी तुला सांगायचं कधीपासून मनात आहे. जॉन गुडइनफ. लहानपणी त्यांना वाचायला फार जड जायचं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात हवामानाचं काम करून ते शिकागोला भौतिकशास्त्र शिकायला गेले, तेव्हा नावनोंदणी करणाऱ्या प्राध्यापकांनी त्यांना सुनावलं की या विषयात ज्यांनी काही केलं त्यांनी ते तुझ्या वयाच्या आतच केलं आहे. तेव्हा ते जेमतेम चोविशीत होते! लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचं त्यांचं काम ऑक्सफर्डमध्ये १९८० साली झालं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनोंनी त्यावरून सुरक्षित नमुना बनवला, १९९१ मध्ये सोनीनं अशी पहिली बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९ साली नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेलं दुसरं कोणी नाही. या शोधाच्या पेटंटमधून त्यांना जवळजवळ काही मिळालं नाही, तरी नव्वदी उलटल्यावरही ते टेक्सासच्या प्रयोगशाळेत जात राहिले, आणखी चांगली बॅटरी शोधत. परवा तू म्हणालास ना, एकविसावं लागलं आणि अजून काहीच जमलं नाही? तेव्हापासून मला हे तुला लिहायचं होतं.

आता खेळ. खेळू नकोस असं ही आजी कधीच म्हणणार नाही, मला स्वतःला सागरगोटे आणि पत्ते किती प्रिय आहेत ते तू पाहिलं आहेस. तुझ्या बाबांच्या लहानपणी जत्रेत विटा पडणारा एक हातातला खेळ मिळायचा, त्याचा टीक-टीक आवाज दुपारभर घरात चालू असे. तसले हातातले खेळ ज्यांनी घराघरांत नेले, त्या निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंची रीत मला पटते. एका प्रवाशाला रेल्वेत कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ घालवताना पाहून त्यांना हातात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, आणि १९८० मध्ये ती बाजारात आली. पुढे १९८९ मध्ये आलेला गेम बॉय हा हातातला खेळ बनवताना त्यांनी मुद्दाम जुनं, स्वस्त, हाताखालून गेलेलं तंत्रज्ञान घेतलं. पडदा हिरवट, रंग नाहीत, आत दिवासुद्धा नाही. सेगा कंपनीचा गेम गियर रंगीत होता, झगमगता होता, पण सहा सेल तीन ते पाच तासांत पिऊन टाकायचा. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चाले. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले. गेमपॅडचा मोह होईल तेव्हा योकोईंना आठव. तुझा साधा पडदा पुष्कळ आहे.

तुझ्या फोनमधले खेळ मात्र वेगळ्या हिशेबानं बांधलेले असतात. कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात आणि गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये इमारत उभी राहायला वेळ लागतो. आणि दोन्हीकडे थांबायचं नसेल तर पैसे द्या अशी सोय आहे. फुकट खेळाचं दुकान तुझ्या अधीरपणावर चालतं. तू पैसे देऊ नकोस. पाच जीव संपले म्हणजे खेळच तुला ऊठ म्हणतोय असं समज आणि खरंच ऊठ; इतकी चांगली घंटा तुला फुकट मिळाली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केलाच आहे, आणि तू त्या वाटेला जाणारा नाहीस, म्हणून त्यावर मी शाई खर्च करत नाही.

एक खेळ मात्र घे, तोही माझ्या आग्रहाखातर. तुझे आजोबा सांगलीचे, म्हणजे बुद्धिबळाच्या गावचे. तरुणपणी मित्राशी पोस्टकार्डावर डाव खेळायचे, एका कार्डावर एक चाल, आणि पावसाळ्यात टपाल अडलं की डावही अडायचा. लिचेस नावाचं ॲप आहे, पूर्ण फुकट, जाहिरात एकही नाही, आणि त्यात एका चालीला कितीतरी दिवस घेता येतात. आजोबांनी आणि मी मिळून तुझ्यासाठी डाव मांडून ठेवला आहे, चालीला तीन दिवस ठेवलेत, आणि राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आहे. सूचना दिसली की लगेच उत्तर देऊ नकोस. मेसला जाताना विचार कर, रात्री फोन टेबलावर ठेवण्याआधी खेळ, आणि परीक्षा चालू असेल तर तिसऱ्या दिवशी खेळलास तरी आम्हाला चालेल.

तुझी,
आजी