टंचाईचा अर्थ : पावसापासून वाट्यापर्यंत

पाणीटंचाई म्हणजे पाऊस कमी पडणे, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. परंतु गेल्या दीडशे वर्षांत टंचाईचा अर्थ अनेकदा नव्याने लावला गेला आणि ज्या काळी जो अर्थ ग्राह्य ठरला, त्यानुसारच त्या काळचे जलधोरण आखले गेले.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाने सिंचनाकडे दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून पाहिले. अवर्षणाच्या वर्षी विस्तृत क्षेत्रावरील ज्वारी-बाजरीला थोडेथोडे पाणी देऊन पीक वाचवायचे, या ‘संरक्षक सिंचना’च्या कल्पनेतून १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा साकारला. मात्र चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारी पिकवणारा शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेईना आणि कालव्याचा खर्च निघेना. त्यामुळे बारमाही पाणी घेणाऱ्या उसाला उत्तेजन मिळाले व पुष्कळांच्या बचावासाठी काढलेले पाणी थोडक्यांच्या बागायतीत स्थिरावले.

स्वातंत्र्यानंतर टंचाई म्हणजे साठवणुकीची उणीव, हा विचार प्रबळ झाला. १९६२ च्या बर्वे आयोगाने राज्याच्या सिंचनक्षमतेचा पद्धतशीर आढावा घेतला आणि धरणबांधणीला वेग आला. १९७२ च्या दुष्काळाने या विचाराची मर्यादा उघड केली, कारण पाण्याचा हक्क लाभक्षेत्रातील जमिनीशी बांधलेला असल्याने कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन मजूर या व्यवस्थेबाहेरच राहत होते. या अनुभवातूनच पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी ‘पाणी पंचायत’ उभी केली. तेथे पाण्याचा वाटा माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, असा माणसे मोजून ठरला. भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसासारखी बारमाही पिके वर्ज्य मानली गेली. पाणी किती आहे याच्या जोडीला ते कोणाचे आणि कशासाठी, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष नियमांच्या रूपाने मांडला गेला.

जागतिक पातळीवर १९८९ मध्ये स्वीडिश जलतज्ज्ञ मालिन फाल्कनमार्क यांनी दरडोई उपलब्धतेचा निर्देशांक मांडला : वर्षाला माणशी १,७०० घनमीटरहून कमी पाणी असल्यास ताण आणि १,००० घनमीटरहून कमी असल्यास टंचाई. तुलनेसाठी हे माप उपयुक्त ठरले. परंतु सरासरीच्या आड विषमता झाकली जाते, हा त्याचा दोष होय. एकाच तालुक्यात शेततळे भरलेले आणि गावची विहीर आटलेली असू शकते व त्या दोहोंची सरासरी समाधानकारक दिसू शकते.

पाणी पंचायतीने मांडलेल्या वाटपाच्या विचाराला २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने वैधानिक आधार दिला. टंचाईची झळ खोऱ्यातील सर्वांनी समन्यायाने सोसावी, यासाठी ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांतील वापरयोग्य पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील असे नियमन करावे, अशी तरतूद त्यात आहे. गोदावरी खोऱ्यात तिची कसोटी लागली. १५ ऑक्टोबरला जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या बाजूच्या नाशिक-नगरकडील धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र २०१४ च्या आदेशाने घालून दिले. त्यावरून न्यायालयीन लढे आणि आंदोलने झाली, तरी टंचाईची वाटणीही नियमाने होऊ शकते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

हे तत्त्व अद्याप धरणांच्या भिंतीपाशीच थबकले आहे. राज्यातील सिंचनाचा फार मोठा भार विहिरी आणि विंधनविहिरींवर असूनही भूजल व्यवहारात जमीनमालकाचेच मानले जाते. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातले, २००९ च्या अधिनियमाने नियमनाची चौकट रुंदावली; पण ज्याचा पंप खोल त्याचे पाणी, हीच बहुतेक शिवारांतील वस्तुस्थिती आहे. जोपर्यंत उपसा मोजला जात नाही, तोपर्यंत जलसंधारणाने जिरवलेले पाणी गावाचे न होता पुढच्या खोल विंधनविहिरीचे होते.

म्हणूनच जलधोरणाने टंचाई जाहीर होण्याची वाट न पाहता, पावसाळा संपताच कालव्याचे आणि भूजलाचे पाणी एकत्र मोजून, आधी पिण्याचे, मग उपजीविकेपुरत्या शेतीचे आणि त्यानंतर नगदी पिकांचे व उद्योगांचे, असे वाटे बांधून दिले पाहिजेत. पाऊस कोणाच्या हाती नाही. वाटा ठरवणे मात्र पूर्णतः समाजाच्या हाती आहे आणि तो न ठरवण्याची किंमत नेहमी सर्वात दुर्बळ घटकच मोजतो.