सफर, घाई आणि मुलांचा हक्क

गेल्या हिवाळ्यात मशिदीच्या विश्वस्तांनी मला पाच आठवड्यांची रजा दिली. दख्खनच्या जुन्या सल्तनतींची शहरे मुलांना दाखवावीत, ही अनेक वर्षांची इच्छा होती. पत्नी, दहा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा धाकटा अशांना घेऊन निघालो. निघण्यापूर्वी मी वहीत एक तक्ता आखला होता. कोणत्या दिवशी कोणते शहर, किती वाजता कोणती बस, कोणत्या किल्ल्याला किती तास, सारे त्यात होते. त्या तक्त्याचा मला अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे.

आठव्या दिवशी आम्ही बीदरला महमूद गावान यांच्या मदरशासमोर उभे होतो. बहमनी सल्तनतीच्या या वजिराने १४७२ मध्ये उभारलेली ती तीन मजली वास्तू आज भग्न आहे. समोरच्या दोन मिनारांपैकी एकच उरला आहे. तरीही दर्शनी भिंतीवर झिलईच्या फरशांत घडवलेली कुरआनातील अक्षरे जागोजाग शाबूत आहेत. मुलगा मान वर करून ती अक्षरे एकेक जोडून वाचू लागला. तुटलेल्या फरशीपाशी तो अडखळे, पुढचे अक्षर शोधे आणि पुन्हा मागे येई. बसची वेळ झाली होती. मी दोनदा हाक मारली. ‘‘अब्बा, एकच शब्द राहिलाय,’’ तो म्हणाला. मी त्याचा दंड धरून त्याला ओढले आणि चार लोकांसमोर त्याच्यावर ओरडलो.

बस मिळाली. मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला आणि त्यानंतर दोन दिवस त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. रात्री पत्नी एवढेच म्हणाली, ‘‘त्याला मदरसा दाखवायलाच आणलं होतं ना? मग तो बघत होता तेव्हा का ओढलंत?’’ मदरशात वाढलेल्या माणसाने आपल्या मुलाला मदरशाच्या भिंतीवरील आयतीपासून ओढून नेले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते.

वाचकहो, कुटुंबाच्या सफरीत गती कोणी ठरवावी, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. माझ्या मते तो न्यायाचा आहे. सफरीचा निर्णय बाप घेतो, पैसे त्याच्या खिशात असतात, तिकिटे त्याच्या हातात असतात. मूल ही सफर निवडत नाही आणि नको झाली म्हणून सोडूनही जाऊ शकत नाही. ज्याच्याजवळ नकाराचा अधिकार नाही, त्याच्या थकव्याचा आणि कुतूहलाचा हिशेब ठेवणे ही अधिकार असणाऱ्याची जबाबदारी ठरते. मुले ही आपल्याकडे अमानत आहेत असे आपण नेहमी म्हणतो. मग त्यांचा वेळही त्या अमानतीचाच भाग आहे.

शरीअतने प्रवाशाला कसे वागवले आहे, ते पाहू. सफरीत चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींची होते. रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची मुभा मिळते. मोज्यांवर मसह करण्याची मुदत एका दिवसाऐवजी तीन दिवसांची होते. प्रवास शरीराला आणि मनाला थकवतो, हे निर्माणकर्त्याने जाणले आणि आपल्या बंद्याचा भार हलका केला. अल्लाहने सफरीत स्वतःच्या हक्काची नमाज निम्मी केली आणि मी माझ्या वहीतील एक किल्लाही कमी करायला तयार नव्हतो. ही तुलना मनात आली तेव्हा मला लाज वाटली.

त्या रात्री हजरत आयशा (रजि.) यांच्या हाराचा प्रसंग आठवला. एका सफरीत त्यांचा हार हरवला. प्रेषित मुहम्मद (स.) तो शोधण्यासाठी थांबले आणि त्यांच्यासह सारा काफिला थांबला. जवळपास पाणी नव्हते, लोकांकडेही नव्हते. लोकांनी हजरत अबूबक्र (रजि.) यांच्याकडे तक्रार केली. ते आले आणि प्रेषितांना व लोकांना पाण्याविना अडकवून ठेवल्याबद्दल आपल्या लेकीला बोलले. त्या वेळी प्रेषित (स.) त्यांच्या मांडीवर डोके ठेवून निद्रिस्त होते. सकाळी वुजूला पाणी नव्हते, तेव्हा तयम्मुमची आयत अवतरली. निघण्यासाठी उंट उठवला तर हार त्याच्याच खाली सापडला.

या प्रसंगी बापाचे रागावणे अकारण नव्हते. लोक खरोखरच अडचणीत होते. तरीही ज्या खोळंब्यावर लोक चिडले, त्यातूनच पाणी न मिळणाऱ्या प्रत्येक आजाऱ्याला आणि प्रवाशाला कयामतपर्यंत पुरेल अशी सवलत मिळाली. प्रत्येक उशीर बरकतीचाच असतो, असा याचा अर्थ मी काढत नाही. मात्र कोणता उशीर काय घेऊन येईल, हे घाईत असलेल्या माणसाला कळत नसते, एवढे यातून निश्चित शिकता येते.

प्रेषितांची (स.) प्रवासाची रीतही हेच सांगते. ते चालताना काफिल्याच्या मागे राहत, अशक्तांना पुढे नेत, कोणाला आपल्या मागे बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करत. पुढारी असूनही ते मागे असत, कारण जो मागे पडतो तो मागेच दिसतो. नमाज लांबवावी असा इरादा असताना एखाद्या बाळाचे रडणे कानी पडले, तर त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून ते ती आटोपती घेत. मशिदीतील इमामाला जो नियम आहे, तो कुटुंबाच्या इमामाला का नसावा?

येथे एक आक्षेप रास्त आहे. वेळही अमानत आहे, पैसा मर्यादित आहे आणि रेंगाळणे हा गुण नव्हे. शिवाय प्रवास हा यातनेचा एक तुकडा आहे, काम संपताच माणसाने घराकडे त्वरा करावी, या अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. मीही हीच हदीस मनात धरून घाई करत होतो. परंतु त्या हदीसमधील त्वरा कोणासाठी आहे, याचा विचार मी केला नव्हता. ती घरच्या माणसांकडे परतण्यासाठी आहे. घरची माणसे आपल्याबरोबरच चालत असतील, तर त्यांच्यावर ओरडून आपण कोणाकडे पोहोचणार आहोत?

मंद गती आणि आळस यांतही फरक आहे. नमाजाची वेळ आम्ही चुकवली नाही, खर्चाचा हिशेबही रोज लिहिला. कमी केली ती ठिकाणांची संख्या. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील, अंगणाविना संपूर्ण छताखाली असलेली जामा मशीद पाहिली, हैदराबाद आणि गोवळकोंडा यादीतून वगळले आणि विजापुरात एक खोली भाड्याने घेऊन नऊ दिवस राहिलो. शाफई मतानुसार येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा केला की माणूस मुकीम ठरतो आणि नमाज पूर्ण पढतो. हनफी मतानुसार ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. आम्ही शाफई असल्याने तेथे पूर्ण नमाज पढलो. मुलीने कारण विचारले. ‘‘आता आपण इथले झालो,’’ असे सांगितल्यावर ती फार खूश झाली. गोल घुमटावर आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला धाकट्याने सज्जाच्या भिंतीशी तोंड नेऊन पुटपुटलेले स्वतःचे नाव पलीकडे बसलेल्या आईला ऐकू गेले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मुक्काम वाढला की विश्रांती पुरुषाला मिळते आणि धुणे, स्वयंपाक, धाकट्याचे जेवण आईच्या वाट्याला येते. पहिले दोन दिवस तसेच झाले. प्रेषित (स.) घरात काय करत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजाची वेळ झाली की बाहेर पडत, असे त्यांनी सांगितले. हे मी कितीतरी वेळा खुत्ब्यात सांगितले आहे. विजापुरात प्रथमच नऊ दिवसांपैकी सात दिवस कपडे मी धुतले. आईला उसंत मिळत नसेल, तर तो मुक्काम केवळ बापाची सुट्टी ठरतो.

मुलाची मी माफी मागितली. त्याने ती दिली, आणि मग विचारले, ‘‘तो शब्द कोणता होता, अब्बा?’’ मला सांगता आले नाही, कारण मी भिंतीकडे पाहिलेच नव्हते. परत बीदरला जाणे त्या वेळी शक्य नव्हते. तो शब्द अजून राहिला आहे.

अल्लाह आपणा सर्वांना सफरीत आणि घरीही, आपल्या मुलांच्या पावलांबरोबर चालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.