पार्श्वभूमी कोणाची?

माणूस, त्याचा समाज आणि भोवतालचा निसर्ग यांचे नाते छायाचित्रात कसे उतरावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू बदलत गेले आहे. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील जातिजमातींवर जे दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले, त्यांत माणसे एकीकडे टिपून त्यांच्या मागे दुसऱ्याच छायाचित्रातील देखावे जोडलेले होते; सोबतचे वर्णनही लेखकाचेच असल्यामुळे माणूस जमातीचा नमुना ठरला आणि निसर्ग केवळ मागचा पडदा.

या पद्धतीपासून दूर जाण्याची वाट दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांच्या कामात टप्प्याटप्प्याने दिसते. राजस्थानातील लूणकरणसर येथे २००३ च्या बालिका मेळ्यात त्यांनी छायाचित्रणाचा तंबू उभारला, तेव्हा आपण कसे दिसायचे हे मुलींनीच ठरवले; तरीही मुलींच्या मागे पुन्हा पडदाच होता. पुढचे पाऊल २०१३ मध्ये डहाणू तालुक्यातील गंजाड या गावी पडले. वारली चित्रकार राजेश वांगड यांनी गिल यांना गावची ठिकाणे दाखवून प्रत्येक ठिकाणाची गोष्ट सांगितली, पण कॅमेऱ्यात उतरले ते फक्त ठिकाण. ही उणीव ओळखून गिल यांनी कृष्णधवल प्रती वांगड यांच्या हाती दिल्या आणि वांगड यांनी त्यांवर शाईने रेखाटने केली. अशा चित्रात वांगड स्वतः शिवारात उभे असतात आणि भोवतालचे आकाश, माळ व झाडी केसासारख्या बारीक रेघांनी काढलेल्या माणसांनी, पशुपक्ष्यांनी आणि देवतांनी भरून जाते.

वारली समाजात लग्नघरच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक, म्हणजे चौकोनी मांडणीचे मंगलचित्र, काढतात आणि या काढण्याला ‘लिहिणे’ म्हणतात. हा अर्थ ध्यानात घेतला, तर वांगड यांच्या रेघा छायाचित्रावरची नक्षी नसून त्या जागेविषयीचे लेखन आहेत, आणि म्हणूनच या कलाकृतींवर दोघांचीही नावे असतात, हे स्पष्ट होते. आपलेपणा केवळ गावात उभे राहिल्याने दिसत नाही, तर गाव सांगण्याचा अधिकार मिळाल्याने दिसतो, हा या प्रवासाचा निष्कर्ष आहे.

कर्जत-खालापूरचा पट्टाही ठाकर आणि कातकरी या आदिवासी समाजांच्या वाड्यांचा असल्यामुळे हा निष्कर्ष तेथेही लागू पडतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली, तेव्हा तेथील डोंगराची छायाचित्रे देशभर पोहोचली. परंतु त्या डोंगरावर पाणवठा कोठे, देवाची जागा कोठे आणि रानात जाणारी वाट कोणती, हे वाडीतला माणूसच लिहू शकतो. त्याच्या लेखनासाठी आपल्या चित्रात जागा मोकळी ठेवणे, हे यापुढे छायाचित्रकाराचे कर्तव्य मानले पाहिजे.