स्थिर सुई

सत्य सांगावे की समाधान द्यावे, हा वाद फार जुना. धर्मसभेत तो झाला, वैद्यांच्या ओसरीवर झाला, आणि अलीकडे तो मोटारीच्या चाकामागे येऊन बसला आहे. सणासुदीला मुलाबाळांना घेऊन गावी निघणाऱ्या सज्जनांना याची वार्ताही नसते, म्हणून आज या अंकात त्याची थोडी चर्चा करावी म्हणतो.

मोटार चालवणाऱ्याच्या समोर इंजिनाच्या उष्णतेची एक सुई असते. पूर्वी ती प्रामाणिकपणे हलत असे. घाटात चढे, उतारावर वारा लागला की उतरे. ती चढली की मालकाच्या पोटात गोळा येई आणि धडधाकट गाडी कारखान्यात दुरुस्तीला जाई. पुढे मोटारी बनवणाऱ्यांनी यावर नामी तोड काढली. आजच्या पुष्कळ गाड्यांत इंजिनातले पाणी साधारण ७५ अंशांवर असो की १०५ अंशांवर, सुई मधोमध उभी राहते. त्यापलीकडे गेले म्हणजेच ती हलते. कित्येक लहान गाड्यांतून तर सुईच गेली. थंड असताना निळा दिवा, अतिशय तापल्यावर तांबडा. मधल्या मजकुराला काटछाट.

ही सुई खोटे बोलते काय? ती बनवणारा म्हणेल, "मुळीच नाही. तेवढ्या पट्ट्यात इंजिनाला काहीही धोका नसतो. उगाच माणसाला घाबरवू कशाला?" या म्हणण्यात तथ्य आहे, आणि थोडी मायाही आहे. पण मला खटकते ते निराळेच. मला किती कळावे, हे ज्याने ठरवले त्याने मला विचारले नाही. आणि ठरवले आहे, हेही सांगितले नाही.

आमचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, यंत्रांच्या बाबतीत नवखे नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालच्या नहरीने येथे पाणी आणले. अठराव्या शतकात पाणचक्की उभी राहिली. त्या पाणचक्कीचा एक गुण होता. पाणी उघड्यावर पडे. धार बारीक झाली की कोणीही डोळ्यांनी पाहावे आणि समजावे. पुढे चिकलठाणा झाले, १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, मग शेंद्रे आले, आणि घरोघरी एखादा तरी पान्या-पकडीत रमणारा मुलगा निघू लागला.

अशाच एका तरुणाने जुनी टर्बोची गाडी घेतली. टर्बो म्हणजे काय, हे गृहिणींनाही सहज समजेल. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वाया न घालवता त्यावर एक चक्र फिरवायचे, आणि त्या चक्राच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबायची. हे चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेते, आणि पेट्रोलच्या इंजिनात तो धूर ९०० अंशांच्या घरात जाऊ शकतो. अशा गाडीला उष्णतेचा हिशेब ठेवावाच लागतो. दमदार चढण चढून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद केले तर तेलाचे अभिसरण थांबते आणि चक्राच्या आसाशी साचलेले तेल करपते. म्हणून जाणते लोक मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवतात. स्थिर सुईवर विसंबून या तरुणाचे भागेना. त्याने स्वतःच मापक करायचे ठरवले.

सामग्री साधीच. तापले की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा एक मणी. २००५ साली इटलीत जन्मलेली आर्दुइनो नावाची तळहातावर मावणारी पाटी. आणि आकडे दाखवणारा चिमुकला पडदा. मण्याकडून येणारा विद्युत्दाब ही पाटी ० ते १०२३ अशा आकड्यांत मोजते, आणि त्यावरून गणिताने अंश काढायचे. पण आकडा दिसला म्हणजे तो खरा, असे थोडेच आहे? घरी केलेल्या मापकाला आधी परीक्षा द्यावी लागते. मणी बर्फाच्या पाण्यात धरला, आकडा शून्य हवा. उकळत्या पाण्यात धरला, आकडा किती हवा? पाठ्यपुस्तक म्हणेल १००. परंतु आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे, आणि येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. जो १०० धरून मापक जुळवील तो पुढे प्रत्येक वेळी दोन अंश वाढवून सांगेल, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. दुसऱ्याचे खोटे पकडायला निघालेल्याने प्रथम आपला काटा तपासावा, हा धडा त्याला स्वयंपाकघरातल्या पातेल्याने दिला.

खरी गंमत पुढे आहे. मापक गाडीत बसवले तेव्हा आकडा नाचू लागला. ९१, ९४, ९०, ९३. गाडीतल्या तारांमधली खळबळ त्यात मिसळत होती. चालकाचे लक्ष रस्त्यावरून उडू लागले. शेजारी बसलेली आई म्हणाली, "अरे, समोर बघ. गाडी तापायची तेव्हा तापेल, आपण आधी खड्ड्यात जाऊ." तेव्हा त्याने दहा वाचनांची सरासरी दाखवण्याची योजना केली, आणि आकडा शांत झाला. म्हणजे ज्या युक्तीबद्दल तो मोटारवाल्यांना नावे ठेवीत होता तीच त्याने स्वतः केली. मग त्यांच्यात आणि याच्यात फरक काय राहिला?

माझ्या मते फरक राहिला, आणि मूळ प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे. थरथर झाकणे वेगळे आणि चढ झाकणे वेगळे. थरथर ही वार्ता नसते. ती काढून टाकल्याने वार्ता अधिक स्पष्ट ऐकू येते. चढ ही मात्र वार्ताच असते. दहांची सरासरी ९१ वरून १०४ कडे निघालेले पाणी लपवीत नाही, क्षणभर उशिरा सांगते इतकेच. मधोमध रोवलेली सुई ती वाटचालच पुसून टाकते. चाळीसगावहून कन्नडचा घाट भर मे महिन्यात चढताना ९२ आणि १०४ यांतले अंतर ज्याला दिसते, तो वेळीच वातानुकूलन बंद करतो, वेग कमी करतो, वेळ पडल्यास सोयीची जागा पाहून थांबतो. ज्याला ते दिसत नाही त्याच्यासाठी संकट एकदमच येते.

घरातही आपण असल्या सुया बसवून ठेवतो. आजीच्या रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांचा कागद आला, की सगळे मिळून "सगळे ठीक आहे" म्हणतात. मायेने म्हणतात, यात शंका नाही. पण आजी मग दिवाळीच्या ताटातला दुसरा लाडू निर्धास्तपणे उचलते, आणि तिचा हात धरण्याचा हक्क आपण आधीच गमावून बसलेलो असतो. उलट, रोज सकाळी यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचून तिला धास्तावून सोडणे ही सत्यनिष्ठा नव्हे, ती नुसती थरथर होय. तिला आठवड्याचा कल सांगावा, त्याचा अर्थ सांगावा, काय करता येईल ते सांगावे. एवढे करायला खोटे बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपण काढीत नाही म्हणूनच पुष्कळदा खोटे बोलतो.

यात ऐकणाऱ्याचाही वाटा आहे. सुई हलली की घाबरून गोंधळ करणारी माणसे पुष्कळ होती, म्हणूनच तर सुई रोवली गेली. आपल्याला खरे सांगितले जावे असे वाटत असेल तर खरे ऐकून शांतपणे वागण्याची सवयही आपणच लावून घेतली पाहिजे. आकडा चढला तर बाजूला थांबावे, तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, इंजिन निवेपर्यंत मुलांना झाडाच्या सावलीत बसवून फराळाचा डबा सोडावा. गावी पोहोचायला तासभर उशीर होईल, एवढेच.