दुसरी पिशवी

बाळंतपणाला दवाखान्यात न्यायची पिशवी भरताना घरातल्या बायका मोठ्या उत्साहात असतात. लंगोट, दुपटी, कुंची, जुन्या मऊ लुगड्याचे धुतलेले तुकडे, बाळंतिणीसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, शाल, पायमोजे, तपासणीचे कागद, ओव्याची पुरचुंडी. एवढ्यात कोणी सहज विचारावे, "आणि तीन दिवसांऐवजी आठ दिवस राहावे लागले तर?" की सगळ्यांचे हात थांबतात. कोणीतरी म्हणते, "शुभ बोल गं!" आणि बोलणे दुसरीकडे वळते. हे वळणे बरोबर की चूक, एवढाच माझा प्रश्न आहे. सणाच्या अंकात तो कशाला, असे कोणाला वाटेल. पण दिवाळीला माहेरी आलेल्या लेकींत एखादी तरी सातव्या-आठव्या महिन्यातली असतेच.

वाईट बोलू नये हा आपल्या भाषेचा जुना शिरस्ता. घरातून निघताना "जाते" म्हणायचे नाही, "येते" म्हणायचे. मंगळसूत्र तुटत नाही, ते वाढते. याला अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. मला हसू येत नाही. बारशापर्यंत मूल टिकेल याची खात्री नसलेल्या पिढ्यांनी ही रीत घालून दिली. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि ते मूल दहा दिवसांचे होऊन गेले. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठी त्यांनी निबंध लिहिला तोही प्रसूतीविषयीच. दहाच दिवस! आज "चार दिवस जास्त ठेवून घेतले" असे आपण म्हणतो ते दिवस हेच. ज्या घरातला पाळणा असा रिकामा होई, तिथे आधी हौसेने शिवलेली झबली ट्रंकेत पडून राहत आणि पुढे वर्षानुवर्षे ती ट्रंक उघडणारीचा हात थरथरे. म्हणून आधी काही घ्यायचे नाही, बाळाचे पहिले कपडे जुन्याचेच. ही दुःखाची काटकसर होती आणि तिच्यात शहाणपण होते.

पण त्याच आज्या पाचवीच्या रात्री काय करीत, ते आठवून पाहा. दिवा विझू द्यायचा नाही, बाळंतिणीच्या खोलीत बायकांनी जागायचे, बाळाला एकटे सोडायचे नाही. सटवाई येऊन कपाळी लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणीही मांडायची. पहिल्या आठवड्यात बाळ-बाळंतिणीला धोका असतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. तोंडाने त्या ते बोलत नसत, पण जागत असत. एकूण काय, परंपरेने भीतीचे नाव घेऊ नये असे सांगितले. तयारी करू नये असे कुठे सांगितले? आपण त्यातले मौन तेवढे जपून ठेवले आणि जागणे सोडून दिले, असे मला वाटते.

आमच्या वाघोलीत हे फार जाणवते. वाघेश्वराच्या देवळाचे हे जुने गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेले. आता शेतांच्या जागी उंच इमारती आहेत आणि त्यांत लातूर, नागपूर, जळगावकडून नोकरीसाठी आलेली जोडपी राहतात. आमच्या मजल्यावर अशीच एक लातूरकडची मुलगी होती. बाळंतपणासाठी तिची आई येऊन राहिली होती. आई मोठी मायाळू. पण जास्त दिवसांचा विषय निघाला की कानांवर हात ठेवी. एका संध्याकाळी आई देवळात गेलेली पाहून मुलगी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काकू, बाळाला काचेत ठेवलं तर मला तिथं राहू देतात का?"

तिची भीती कोणी तिच्या मनात घातली नव्हती, ती होतीच. घरातल्या मौनाने ती भीती कमी झाली नाही, फक्त तिला ती एकटीने बाळगावी लागली. मौनाचा आधार होता तो आईला. ज्याच्यासाठी आपण गप्प बसतो त्याला त्या गप्प बसण्याचा उपयोग किती आणि आपल्याला किती, हे स्वतःला विचारण्याचे धाडस फार थोडे लोक करतात. मायेच्या माणसांना तर ते आणखी जड जाते.

खरे म्हणजे यात अभद्र असे काही नसतेच. पोट फाडून बाळंतपण झाले तर तीन ते पाच दिवस सहज लागतात. नवजात बाळाची कावीळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, आणि मग बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. (हा उपचार सुचला तो १९५६ च्या सुमारास इंग्लंडातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात. तिथली एक परिचारिका बाळांना अंगणातल्या उन्हात नेई, आणि उघडी राहिलेली कातडी कमी पिवळी दिसते हे तिच्या ध्यानात आले.) आम्ही दोघींनी मग दुसरी पिशवी भरली: आणखी दोन गाऊन, थर्मास, चार्जर, जावयाचा एक सदरा, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. नगर रस्ता तुंबला की विसरलेल्या वस्तूसाठी घरी येऊन परतण्यात अर्धा दिवस जातो. आईला ती पिशवी दिसली. ती काही बोलली नाही. रात्री तिने तीत डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला.

बाळ खरोखरच दिव्याखाली राहिले, आणि सहाव्या दिवशी सगळी घरी आली.

याच वाघोलीत दगडाच्या खाणी आहेत. दुष्काळी मुलखातून आलेली कुटुंबे तिथे खडी फोडीत आली. तिथल्या बाईला शुभ-अशुभ बोलण्याची चैन कुठली! २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, जेवणही मिळते, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि शस्त्रक्रिया झाली तर सात. पण ही सोय बाळंतिणीची. तिच्यापाशी बसणाऱ्या माणसाची मजुरी बुडते ती बुडतेच, आणि घरी थोरले मूल असते. म्हणून डॉक्टर राहा म्हणत असतानाही पाय घराकडे ओढतात. तिथल्या एका पोटुशीला मी तिच्या तयारीबद्दल विचारले. ती म्हणाली, "पिशवीचं काय, एका गठुड्यात मावतंय बाई. पोरगी कुणापाशी ठिवायची, ते आधी बघितलं. शेजारणीला आठ दिसांचं पीठ दिऊन ठिवलंय."